लेडी पेशन्सचा आचारी

माझ्या ओसरीवर खुर्ची टाकून बसलं की समोर युनियन बेट दिसतं. हवा स्वच्छ असली तर तिथल्या घरांची पत्र्याची छपरंसुद्धा वेगवेगळी ओळखू येतात. आणि हे बेट परदेश आहे! आम्ही कॅरियाकूची माणसं ग्रेनाडा देशाची, ती माणसं सेंट व्हिन्सेंट देशाची. मध्ये एवढंसं पाणी. त्या पाण्यावर कुठल्यातरी साहेबाने, बहुधा जेवणानंतर डोळे जड झालेले असताना, एक रेघ ओढली आणि तो आपल्या देशी निघून गेला. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर ती रेघ किती वेळा काढली याची गणती नाही. पण ती रेघ माणसाच्या अंगावरून गेली की काय होतं, ते मला या मे महिन्यात कळलं, आणि ते मी सर्वांना सांगणार आहे. गप्प बसणाऱ्यांपैकी मी नाही.

त्याचं झालं असं, की जॅसिंथचं लग्न ठरलं. जॅसिंथ ही माझ्या धाकट्या भावाची, रूफसची, एकुलती एक मुलगी. रूफस बोटी बांधायचा. ती शाळेत असतानाच तो गेला. जाण्याच्या आधी मला जवळ बोलावून म्हणाला, "लिओ, पोरीला चर्चमध्ये तू ने. सिल्व्हेस्टरला नेऊ देऊ नकोस. तो प्रत्येक फोटोत मधोमध उभा राहतो." आमच्याकडे वधूचा हात धरून जो चर्चमध्ये चालतो आणि तो हात नवऱ्याच्या हातात देतो, त्याला 'देणारा बाप' म्हणतात. हा मान पैशाने मिळत नाही. जॅसिंथनेही फोनवर सांगितलं, "काका, तुम्हीच. दुसरं कुणी नको."

सिल्व्हेस्टर हा जॅसिंथचा मामा. ब्रुकलिनला राहतो, हसताना सोन्याचा दात दाखवतो. लग्नाची बातमी कळताच या माणसाने पांढरा सूट शिवून घेतला आणि इथे येऊन गावभर सांगितलं, "लिओपोल्ड वेळेवर पोचला तर सोन्याहून पिवळं. नाही पोचला तर मी आहेच!" मी आहेच म्हणजे काय? मी काय मरायला टेकलोय?

नवरा मुलगा ऑर्टन बेक्वेचा, म्हणून लग्न बेक्वेला. बेक्वे हे युनियनच्या पलीकडे, त्याच रांगेतलं, त्याच देशाचं बेट. माझ्या चिंचेवरून सकाळी उडालेला पेलिकन दुपारच्या आधी तिथे मासा पकडून बसलेला असतो. पण माणसाला विमानाने जायचं तर आधी दक्षिणेला ग्रेनाडा, मग समुद्र ओलांडून पूर्वेला बार्बाडोस, आणि तिथून मागे वळून बेक्वे! उत्तरेला जायचं म्हणून आधी दक्षिणेला जा. हा द्राविडी प्राणायाम करायचा, आणि त्याचे जे पैसे मागतात त्यात माणूस न्यू यॉर्क बघून येईल. मी ते तिकीट काढायला साफ नकार दिला. कंजूसपणा नव्हे, तत्त्व!

"तत्त्व घेऊन बोटीत बस तू," माझी बायको क्लॉथिल्डा म्हणाली. "मी सिल्व्हेस्टरबरोबर विमानाने जाते. तो काढतोय माझं तिकीट."

हे ऐकून मला काय वाटलं ते मी इथे लिहीत नाही. वर ती म्हणाली, "केक मात्र तू ने. विमानात वजन करतात त्याचं."

तो केक क्लॉथिल्डाने केला होता. त्यातले मनुके आदल्या वर्षापासून रममध्ये भिजत पडले होते. लाकडी खोक्यात बसवून, वर कापड बांधून तिने तो माझ्या स्वाधीन केला आणि सोबत एक लांब काठी आणि लाल-पांढरा झेंडा दिला. आमच्याकडच्या लग्नांत दोन्ही बाजूंचे केक आणि दोन्ही बाजूंचे झेंडे नाचवतात. नाचता नाचता ज्यांचा झेंडा वर राहतो, त्यांच्या माणसाचा शब्द त्या घरात चालतो, असं मानतात. मी हे मानत नाही. पण आमचा झेंडा खाली आलेला मला चालणार नव्हता.

आता शेजारी कॉस्मसबद्दल सांगतो, कारण सगळं त्याचंच केलेलं आहे. कॉस्मस तरुणपणी थोडे दिवस तेलाच्या जहाजावर होता, तेव्हापासून अख्खी पृथ्वी त्याला पाठ आहे. असा उंटावरचा शहाणा प्रत्येक गल्लीत एक असतो. आमच्या दुर्दैवाने आमच्या गल्लीत माझ्याच कुंपणाला लागून आहे.

"सर, एवढं काय त्यात?" तो कुंपणावर रेलून म्हणाला. "ते गोरे पोरगे-पोरी बघता ना, पाठीवर गाठोडं बांधून फिरतात? तसं करायचं. धक्क्यावर जायचं, कुठली बोट कुठे चाललीय विचारायचं, चढायचं. तिकीटबिकीट सगळी फुकटची भानगड."

"आणि परत कसा येऊ?"

"ज्या बोटीने गेलात तिने! नाहीतर दुसरीने! समुद्र कुठे पळून जातोय का?"

मला ते पटलं. पटलं याचा अजूनही संताप येतो. ती गोरी पोरं महिनोन्महिने अंघोळ करत नाहीत, चड्डीवर सरकारी कचेरीत शिरतात, आणि आमचे अधिकारी हसून त्यांच्या पासपोर्टावर तीन-तीन महिन्यांचे शिक्के मारतात. मग मी तर इस्त्रीच्या कपड्यांतला निवृत्त मुख्याध्यापक, जन्म याच समुद्राच्या काठी, आजोबा याच पाण्यात बोट हाकणारे. मला कोण काय विचारणार? असा माझा हिशोब होता.

लेडी पेशन्स ही मालाची बोट बेक्वेला निघाली होती. तिचा कॅप्टन अँब्रोज आमच्याच बेटावरचा, माझा जुना विद्यार्थी, भूगोलात नापास. बोटीवर शेळ्या, सिमेंट, गॅसची टाकी, आणि कांदे घेऊन निघालेली मिस एड्रिना. ही बाई बोलते तेव्हा इंजिनाचा आवाज येईनासा होतो. मी केकचं खोकं मांडीवर घेऊन बसलो. आमच्याकडच्या कचेरीत पासपोर्टावर बाहेर गेल्याचा शिक्का बसला. सगळं सुरळीत. वाऱ्यावर बसून मी सिल्व्हेस्टरची मनातल्या मनात कीव करत होतो.

युनियनला बोट लागली. बोटीवरच्या प्रत्येकाने तिथल्या कचेरीत जाऊन कागद दाखवायचे असतात. सकाळीच तापलेलं ऊन, हातात केकचं खोकं, काखेत झेंड्याची काठी. मी आत शिरलो आणि टेबलावर पासपोर्ट ठेवला. खुर्चीतल्या अधिकाऱ्याने वर पाहिलंच नाही.

"माझं जरा लवकर करा," मी म्हणालो.

तो पेन्सिलीला टोक करत राहिला. बराच वेळ. मग म्हणाला, "आमच्याकडे माणूस आत आला की आधी गुड मॉर्निंग म्हणतो."

मला! ज्याने तीन पिढ्यांच्या पोरांना वर्गाच्या दारातून परत पाठवून, पुन्हा आत बोलावून, गुड मॉर्निंग म्हणायला शिकवलं, त्या मला! रांगेतली मिस एड्रिना मागून ओरडली, "सर, बाहेर जा आणि पुन्हा या. आम्हाला तुम्ही असंच करायला लावायचात!" बाहेर जावं लागलं. दारातून पुन्हा आत आलो, गुड मॉर्निंग म्हणालो. ते मी इतक्या रागाने म्हणालो की बाहेरच्या शेळ्या दचकल्या.

"गुड मॉर्निंग," तो आता गोड हसून म्हणाला. "परतीचं तिकीट?"

"नाही."

"मग परत कसे जाणार?"

"बोटीने."

"कुठल्या?"

"जी मिळेल तिने. समुद्र कुठे पळून जातोय का?" कॉस्मसचं वाक्य माझ्या तोंडून निसटलं, आणि तिथेच घोळ झाला. परतीचं तिकीट नसलेल्या प्रवाशाला देशात घेता येत नाही, असा त्यांचा नियम. बाकीच्यांकडे फेरीच्या व्यापाराचे परवाने होते. मी म्हणालो, बोटवाले तिकीट देतच नाहीत, मग मी ते कुठून आणू? तो म्हणाला, ते त्याला माहीत नाही, पण ते असायला हवं. मी म्हणालो, मग मला परत कॅरियाकूला सोडा, ते काय समोर दिसतंय. तो म्हणाला, तिकडून तुम्ही बाहेर पडल्याचा शिक्का आहे, तेव्हा तिकडचेही तुम्ही आत्ता नाहीच. म्हणजे मी उभा होतो ती जागा सोडली तर पृथ्वीच्या पाठीवर मला कुठेही पाय ठेवायला परवानगी नव्हती. आणि त्या जागेवरूनही तो मला बाजूला हो म्हणत होता, कारण मागे रांग होती.

तेवढ्यात त्याला वास आला. "खोक्यात काय आहे?"

"केक."

त्याने कापड उचलून नाक घातलं आणि डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. "ही दारू आहे."

"लग्नाचा केक आहे! माझ्या बायकोने केलेला!"

"साहेब, एवढी रम बाटलीतून आणली असती तर मी तुमच्याकडून कर घेतला असता. तुम्ही ती पिठातून आणलीत."

पिठातून दारू चोरणारा! लिओपोल्ड एनो! भिंतीला कान असतात म्हणतात. इथे भिंतीलाच काय, दाराबाहेर उभ्या असलेल्या अख्ख्या बोटीला होते. कर भरला. केक सुटला. मी नाही सुटलो.

शेवटी अँब्रोजने मला कोपऱ्यात ओढलं. "सर, एक मार्ग आहे. माझा आचारी गालगुंड होऊन घरीच राहिलाय. बोटीवरच्या नोकरमाणसाला तिकीट लागत नाही. बोट येते तसा तो येतो, बोट जाते तसा तो जातो. तुमचं नाव टाकू आचारी म्हणून?"

"अँब्रोज, मी मुख्याध्यापक होतो."

"मुख्याध्यापकाची जागा बोटीवर नाही, सर. असती तर दिली असती."

समोर खुर्चीत तो पेन्सिलवाला, तिकडे बेक्वेला पांढऱ्या सुटातला सिल्व्हेस्टर. मी मान हलवली. अधिकाऱ्याने माझ्या पासपोर्टावर शिक्का मारला आणि खाली अक्षर कोरून लिहिलं: आचारी. माझ्या वडिलांनी शेत विकून मला शिकवलं होतं.

मला वाटलं, कागदापुरतं असेल. कसलं काय! युनियन मागे पडताच खलाशी माझ्याभोवती गोळा झाले. "आचारीबुवा, भूक लागली." मी हसलो. ते हसले नाहीत. अँब्रोज सुकाणूवरून म्हणाला, "सर, वाटेत गस्तीची बोट आली आणि आचारी बसलेला दिसला तर माझा परवाना जाईल. काहीतरी ढवळा नुसतं."

मला चहाशिवाय काही येत नाही, हे मी अभिमानाने सांगतो. तरी टोप घेतला. नीरफणस, खारवलेला मासा, नारळाचं दूध, सगळं आत टाकलं. दूध आटून तेल सुटेपर्यंत शिजवायचं एवढं मला ऐकून माहीत होतं. मासा आधी पाण्यात घालून त्याचं मीठ काढायचं असतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. नीरफणस सोलायचा असतो हेही नाही. बोट एका बाजूला कलली की टोपातलं माझ्या विजारीवर यायचं, दुसऱ्या बाजूला कलली की मिस एड्रिनाच्या कांद्यांवर.

"सर," पहिला घास घेऊन एड्रिना म्हणाली, "तुम्ही आम्हाला छडीने मारायचात ना, ते बरं होतं."

"शाळेत जिभेला लगाम घालायला शिकवलं होतं तुला."

"तुमच्या या मिठाने घातलाय बघा. वळत नाही जीभ!"

खलाश्यांनी टोप शेळ्यांपुढे ठेवला. शेळ्यांनी हुंगून तोंड फिरवलं. शेळीला शिक्षण नसतं, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. पण मनाला लागतं ते लागतंच.

बेक्वेला पोचलो ते लग्नाच्याच दिवशी, ऊन डोक्यावर आल्यावर. धक्क्यावर क्लॉथिल्डा छत्री घेऊन उभी. शेजारी सिल्व्हेस्टर, पांढऱ्या सुटात, कोटाला फूल लावलेलं. देणाऱ्या बापाचं फूल! ते माझं फूल होतं!

"आलास?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात जी निराशा होती ती ऐकून माझ्या जिवाला थंडावा मिळाला. फार वेळ टिकला नाही तो.

इथल्या कचेरीत मिस ऑलिव्हियर नावाची तरुण अधिकारीण. कडक गणवेश, कडक मान. मी या वेळी दाराबाहेरूनच गुड मॉर्निंग ओरडलो.

"गुड आफ्टरनून," ती म्हणाली. बारा वाजून गेले होते.

तिने पासपोर्ट उघडला. "आचारी. बोट तीनला सुटते. तोवर बेटावर फिरू शकता."

"लग्नच तीनला आहे! मी देणारा बाप आहे!"

"इथे आचारी लिहिलंय."

"मग मला बोटीवरून कमी करा. मी पाहुणा म्हणून राहतो."

"चालेल," ती म्हणाली. "परतीचं तिकीट दाखवा."

मी अँब्रोजकडे वळलो. हाच अँब्रोज, ज्याची बोट आजवर ठरल्या वारीसुद्धा सुटलेली कुणाला आठवत नाही, तो म्हणाला, "नाही सर, आज तीन म्हणजे तीन. अंधाराच्या आत खडकांतून बाहेर पडायचंय. दिवा नादुरुस्त आहे माझा." जन्मात एकदा हा माणूस घड्याळ बघणार होता आणि त्याने दिवस निवडला तो हा! आणि आमच्याकडच्या लग्नांत वधू तासभर उशिरा येते. वेळेवर आली तर लोक म्हणतात, पोरीला घाई झालीय. म्हणजे तीनचं लग्न म्हणजे चार.

"जाऊ दे रे लिओपोल्ड," सिल्व्हेस्टर फुलाला हात लावत म्हणाला. "तू केक आणलास, तेच खूप झालं. पुढचं मी बघतो."

केक आणलास! मी काय हमाल आहे? माझा संताप इतका वर गेला की डोकं एकदम थंड पडलं. मी मिस ऑलिव्हियरला अगदी शांतपणे विचारलं, "समजा आचारी तीनला परत आलाच नाही, तर?"

"मग बोट सुटणार नाही. जेवढी माणसं घेऊन आली तेवढी घेऊनच जायला पाहिजे. एक जरी कमी असला तरी मी सही करणार नाही."

"नक्की?"

"नियम म्हणजे नियम."

उभ्या प्रवासात पहिल्यांदा मला एक नियम आवडला. मी सिल्व्हेस्टरच्या कोटाचं फूल काढलं, माझ्या कोटाला लावलं आणि केक डोक्यावर घेऊन चर्चच्या दिशेने चालू लागलो. मागून अँब्रोज ओरडला, "सर, कुठे चाललात?" मी वळून पाहिलं नाही.

चर्चमध्ये काय दिसलं? डावीकडे नवऱ्याची माणसं. अख्खं बेक्वे. काका, माम्या, होड्यांचे भागीदार, बाकं कमी पडली म्हणून भिंतीला टेकून उभे राहिलेले. उजवीकडे आमच्या बाजूला जॅसिंथची आई, क्लॉथिल्डा आणि फुगून बसलेला सिल्व्हेस्टर. रिकामी बाकं पॉलिश केलेली होती, त्यामुळे जास्तच रिकामी दिसत होती. नवऱ्याची आई अगदी सहानुभूतीने म्हणाली, "तुमच्याकडचे कुणी येऊ शकले नाहीत वाटतं? खर्चाचं आहे ना हल्ली." ती चांगलं म्हणून बोलली. तेच जास्त झोंबलं. अशाने रूफसच्या पोरीला सासरच्या दारात काय किंमत राहणार?

मी दाराशी जॅसिंथची वाट बघत उभा. तीन वाजले. बंदरावर लेडी पेशन्सचा भोंगा वाजला. पुन्हा वाजला. तिसऱ्या वेळी तो असा लांबला की पाद्रीबुवांनी खिडक्या लावून घेतल्या.

जॅसिंथ आली तेव्हा सव्वाचार झाले असतील. तिने माझा हात धरला आणि नाक मुरडलं. "काका, मासळीचा वास येतोय."

"माहीत आहे."

"बाबांना यायचा तसा," ती म्हणाली, आणि हात अजून घट्ट धरला. आम्ही आत पाऊल टाकणार एवढ्यात रस्त्याच्या वळणावरून आरडाओरडा ऐकू आला. पुढे अँब्रोज, लालबुंद. मागे त्याचे खलाशी. त्यांच्या मागे सगळे प्रवासी, आणि मिस एड्रिना एका शेळीला दोरीने ओढत, कारण ती शेळी एकटी ठेवली की दोर खाते. सगळ्यांच्या शेवटी हातात कागद घेतलेली मिस ऑलिव्हियर.

"सर! बोटीवर चला!"

"लग्न लागल्यावर."

"माझा दिवा नाहीये!"

"अँब्रोज," मी वर्गातला आवाज काढला, "टोपी काढ. आत जाऊन उजव्या बाजूला बस. गडबड करायची नाही."

आणि काय सांगू, तो बसला! सवय मोडत नाही. त्याच्या मागे खलाशी बसले, प्रवासी बसले, एड्रिना शेळी पायाशी घेऊन बसली. मिस ऑलिव्हियर उभी राहिली, मग जागा दिसली तशी तीही बसली. उजवी बाजू गच्च भरली. नवऱ्याची आई मागे वळून वळून बघायला लागली. "बरीच मंडळी आहेत हो तुमची," ती म्हणाली.

"येतात अशी उशिरा," क्लॉथिल्डा म्हणाली. माझ्या बायकोचा मला इतका अभिमान क्वचितच वाटला असेल.

आम्ही वेदीपाशी पोचलो. पाद्रीबुवांनी चष्मा सारखा केला आणि माझ्याकडे रोखून विचारलं, "या मुलीला या पुरुषाच्या हाती कोण देत आहे?"

आता माझी बाजू समजून घ्या. दोन बेटांवर, दोन टेबलांपुढे, मला हेच चाललं होतं: तुम्ही कोण, कुठून आलात, कशाच्या जोरावर आलात. आणि आता देवाच्या घरातही टेबलामागून प्रश्न! माझा तोल गेला.

"मी!" मी ओरडलो. "मी लिओपोल्ड एनो! निवृत्त मुख्याध्यापक! मुलीचा सख्खा काका! आणि माझ्याकडे परतीचं तिकीट नाही! काय करायचं ते करा!"

शेळी तेवढी ओरडली.

पाद्रीबुवा म्हणाले, "ते इथे कुणालाच मिळत नाही, सर."

मग जो हशा उठला तो दोन्ही बाजूंनी उठला. ऑर्टन घामाघूम होऊन हसत होता. जॅसिंथ माझ्या कानाशी आली. मला वाटलं, चिडली. पण तिचा आवाज बारीक झाला होता. "मला मिळेल ना, काका? मधूनमधून घरी यायला?"

"तुला कोण अडवतो तेच बघतो," मी म्हणालो. मग तिचा हात ऑर्टनच्या हातात ठेवला. ठेवला, पण सोडायचं लक्षात राहिलं नाही. ऑर्टन बिचारा हलक्या हाताने ओढत होता आणि मी धरून उभा होतो. शेवटी मागून क्लॉथिल्डा कुजबुजली, "सोड आता, लिओ."

सोडला.

बाहेर अंगणात ढोल वाजायला लागला. ऑर्टनची आजी आमच्याच बेटावरची, त्यामुळे तेही झेंडा आणि केक घेऊन तयार होते. केक डोक्यावर घेऊन दोन्ही बाजू एकमेकींसमोर नाचत येतात, ठोसे न मारता धक्काबुक्की करतात, आणि झेंडा झेंड्यावर चढवतात. त्यांच्याकडे गाव होतं. पण आमच्याकडे बोट होती. सिमेंटची पोती उचलणारे खांदे होते. अँब्रोज मघापर्यंत अंधाराच्या नावाने रडत होता, त्याने ढोल ऐकला आणि झेंड्याची काठी माझ्या हातून हिसकावून घेतली. "सर, बाजूला व्हा, हे तुमचं काम नाही." एड्रिनाने केक डोक्यावर घेऊन अशी कंबर हलवली की नवऱ्याकडचा केकवाला बघतच राहिला आणि तिथेच हरला. आमचा झेंडा वर! सिल्व्हेस्टर पांढऱ्या सुटासकट खलाश्यांच्या खांद्यावर चढून ओरडत होता. फोटोत तो मधोमध आलाय, पण त्या गर्दीत तो खाली आपटला नाही एवढंच खूप.

त्यानंतर आम्हाला अक्षरशः पळतच धक्क्यावर जावं लागलं. ऑर्टनच्या काकाने अँब्रोजला आपल्या होडीचा दिवा काढून दिला. क्लॉथिल्डाने मात्र सकाळच्या विमानाची वाट बघायचं ठरवलं. "तुझ्या हातचं खाण्यापेक्षा," ती म्हणाली.

मिस ऑलिव्हियर कागद घेऊन बोटीच्या फळीपाशी उभी होती. टोपीत कुणीतरी खोचलेलं फूल तसंच होतं, पण मान पुन्हा कडक. एकेकाला मोजून आत सोडत होती. माझ्यापाशी थांबली.

"आचारी?"

मी दात आवळले. "आचारी."

"विचारावं लागतं मला," ती म्हणाली. "आणलेलं काही बेटावर मागे ठेवून चाललात का?"

मी मान वळवली. धक्क्याच्या टोकाला जॅसिंथ उभी होती, चपला हातात घेऊन, झग्याचा घोळ दुसऱ्या हातात गोळा करून. नवी नवरी काही इतक्या लांब पळत येत नाही.

"हो," मी म्हणालो. "माझ्या भावाची मुलगी."

मिस ऑलिव्हियरने मागे वळून पाहिलं. मग ती तितक्याच सरकारी आवाजात म्हणाली, "कुणाच्या ताब्यात?"

ऑर्टन तिच्यामागे धावत आला होता, क्लॉथिल्डाची छत्री घेऊन. जॅसिंथवर छत्री धरून तो स्वतः उतरत्या उन्हात उभा होता.

"त्याच्या," मी म्हणालो. "आणि लिहा ते. नीट लिहा. शिक्का मारा वर. मी येऊन तपासणार आहे."

तिने खरंच लिहिलं.